केसपेपरवर न लिहिलेली दारू

कारधा हे नाव विदर्भाबाहेर पोहोचतं ते पावसाळ्यात. वैनगंगा फुगली की कारध्याच्या पुलाजवळची पाण्याची पातळी बातम्यांत येते. धोक्याच्या खुणेपर्यंत किती अंतर उरलं, हे मीटरच्या दशांशापर्यंत सांगितलं जातं. नदीच्या एका काठाला भंडारा शहर आणि दुसऱ्या काठाला कारधा. जुना ब्रिटिशकालीन लहान पूल आहे, वरच्या अंगाला महामार्गाचा मोठा पूल आहे. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघून धुळे, अमरावती, नागपूर करत रायपूरकडे जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ५३. इथल्या लोकांच्या तोंडी तो अजूनही 'सहा नंबर'च आहे. ट्रक रात्रभर धावतात, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आहेत, आणि सायकली, मोटारसायकली, पायी चालणारे, शेतावरून परतणारे, सगळे याच रस्त्यावर येतात.

कारध्याच्या काठावर रात्री कोणी पडलं, आपटलं, बेशुद्ध झालं, तर त्याला पूल ओलांडून भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नेतात. तिथे जमलं नाही तर नागपूर, साठेक किलोमीटर. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. सुरुवातीला राज्यभर ९३७ गाड्या होत्या, आणि आता खेड्यातली पोरंही आधी तोच नंबर फिरवतात. गाडी येते, माणूस स्ट्रेचरवर चढतो, पूल मागे पडतो. अपघात विभागात केसपेपर निघतो. त्यावर नाव, वय, गाव, वेळ आणि तक्रार. तक्रारीच्या जागी लिहिलं जातं: दुचाकीवरून पडून डोक्याला मार. किंवा: फिट आली. किंवा: रक्ताची उलटी. पोटात तीव्र वेदना. अशक्तपणा, चक्कर. छातीत धडधड. भांडणात जखम. पाय घसरून विहिरीच्या कठड्यावर आपटला.

'दारू' हा शब्द त्यात बहुतेक वेळा नसतो.

हा लेख त्या गाळलेल्या शब्दाबद्दल आहे. जिल्ह्याच्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात रात्रपाळी केलेला डॉक्टर किंवा सिस्टर सांगेल, की रात्री नऊनंतर येणाऱ्या गर्दीत दारूचा हात किती असतो. पोळ्याची कर, धुळवड, लग्नाचा हंगाम, दिवाळीनंतरच्या गावोगावच्या मंडया आणि त्यांच्यासोबत रात्रभर चालणारी नाटकं, या दिवसांत स्टाफची रजा सहजी मंजूर होत नाही, कारण काय येणार हे सगळ्यांना माहीत असतं. पण दारूमुळे गेल्या वर्षी किती माणसं आली, असं विचारलं तर रजिस्टरमधून उत्तर काढता येत नाही. रजिस्टर जखमेचं आहे. जखम कशाने झाली याचा रकाना फार तर 'आर.टी.ए.', म्हणजे रस्ता अपघात, किंवा 'फॉल' इतका भरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात यासाठी स्वतंत्र जागा कधीपासून आहे. त्याच्या दहाव्या आवृत्तीत वाय ९० आणि वाय ९१ हे दोन संकेत केवळ एवढंच नोंदवण्यासाठी ठेवले आहेत, की या माणसाला झालेल्या इजेत किंवा आजारात दारूचा पुरावा आढळला, रक्ततपासणीतून किंवा लक्षणांवरून. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून दवाखान्यांच्या आपत्कालीन विभागांतून अशा नोंदी गोळा करणारी एक राष्ट्रीय यंत्रणाच उभी राहिली. २०११ मध्ये ती बंद पडली, काही वर्षांनी पुन्हा सुरू झाली. हेरॉईन आणि फेंटॅनिलच्या बातम्यांनी भरलेल्या त्या देशातही या नोंदींत पुढे सर्वांत वर दारूच दिसली. आपल्याकडे जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर असं काही नियमित मोजलं जात नाही. जे मोजलं जातं ते पोलिसांच्या कागदावरून, आणि तो कागद वेगळ्याच कामासाठी बनतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली, आणि त्यांतले दारू किंवा नशेच्या नावावर मांडलेले मृत्यू जेमतेम अडीच टक्के. रात्रीच्या कॅज्युअल्टीत एक आठवडा उभ्या राहिलेल्या माणसाला हा आकडा पटणार नाही.

आकडा एवढा कमी का, हे समजायला रक्ताचा नमुना कसा घेतात ते जवळून पाहायला हवं. पोलीस संशयिताला घेऊन येतात. सोबत ठरलेल्या नमुन्यातलं पत्र. दारूबंदी कायद्याखालच्या १९५९ च्या नियमांनुसार नोंदणीकृत डॉक्टरने त्याला तपासायचं. तोंडाला वास येतो का, बोलणं अडखळतं का, बाहुल्या कशा आहेत, सरळ रेषेत चालता येतं का. मग शिरेतून रक्त. एरवी सुई टोचण्याआधी कापसावर स्पिरिट घेऊन कातडी पुसणं हा परिचारिकेच्या हाताचं वळणच असतं. इथे नेमकं तेच टाळायचं. स्पिरिट म्हणजेही अल्कोहोल, त्याचा अंश सुईसोबत गेला तर अख्खा नमुना वादात पडतो. म्हणून साध्या निर्जंतुक पाण्याने पुसून रक्त काढतात, ते न गोठू देणारी आणि न सडू देणारी रसायनं घातलेल्या बाटलीत भरतात, बाटलीला लाखेचं सील, त्यावर लेबल, त्यावर सही, आणि मग ती पोलिसाच्या हाती न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे. रिपोर्ट येईपर्यंत रुग्ण कधीचाच घरी गेलेला असतो. तो रिपोर्ट कोर्टाच्या फाइलला लागतो. दवाखान्याच्या फाइलला तो सहसा येतच नाही. ज्याने नमुना घेतला त्या डॉक्टरला त्या माणसाच्या रक्तात किती दारू होती, हे कधीच कळत नाही.

आणि हे सगळं पोलिसांनी आणलेल्यांपुरतं. बाकीच्यांचं काय?

बाकीच्यांच्या वतीने नातेवाईक बोलतात. "जास्त नाही जी डॉक्टरसाहेब, एकच पव्वा." हा एक पव्वा म्हणजे १८० मिलिलिटर. बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असेल तर त्यात शुद्ध अल्कोहोल सुमारे ६० ग्रॅम. साठ किलोचा माणूस तो भराभर, उपाशीपोटी प्यायला, तर रक्तातलं प्रमाण १०० मिलिलिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास चढतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पाचपट. यकृत हे प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने खाली आणतं. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, यांतल्या कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री दहाला बाटली संपवणारा माणूस सकाळी सहाला 'उतरली' म्हणून गाडी काढतो तेव्हा तो कायद्याच्या रेषेवर जेमतेम आलेला असतो. दोन पव्वे असतील तर दुपारपर्यंत नाही.

मग नातेवाईक आवाज खाली आणून म्हणतात, "दारूचं लिहू नका जी." हे ऐकून रागवण्याआधी त्यांची अडचण पाहिली पाहिजे. खासगी आरोग्य विम्याच्या पॉलिसीत दारू आणि नशेमुळे झालेल्या आजारांवरचा खर्च वगळणारं कलम सर्रास असतं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. घरातला शेतकरी अपघातात गेला तर कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. पण अमली पदार्थांच्या अंमलाखाली झालेला अपघात त्यातून बाद. दीड-दोन एकर धानावर जगणाऱ्या घरात कर्ता माणूस स्ट्रेचरवर पडलेला असताना, एका शब्दामुळे ते पैसे हातचे जाणार असतील, तर बायकोने हात जोडले यात नवल काय? डॉक्टरही माणूस असतो. तो 'हिस्ट्री अव्हेलेबल नाही' असं लिहितो आणि टाके घालायला लागतो. विम्याच्या कलमाने दारू कमी झाली याचा पुरावा मी तरी पाहिलेला नाही. ती कागदावरून नाहीशी झाली, एवढं मात्र नक्की. जी गोष्ट कागदावर नाही तिच्यावर उपचार होत नाहीत.

दारू लपवल्याने जसा घात होतो, तसाच ती फार ठळक दिसल्यानेही होतो. माणूस वास मारत आला, बरळत आला, कपड्यांवर उलटी केलेला आला, की आजूबाजूचे सगळे मनातल्या मनात निदान करून मोकळे होतात. प्यायला आहे, झोपू द्या, सकाळी उतरेल. याच वाक्याने माणसं मेली आहेत. डोक्याच्या कवटीच्या आत हळूहळू साचणारं रक्त पहिले काही तास माणसाला नुसतं गुंगीत ठेवतं, आणि ती गुंगी हुबेहूब दारूसारखी दिसते. नेहमी पिणाऱ्यांत हा धोका जास्त, कारण ते वारंवार पडतात आणि यकृत खराब झाल्याने रक्त लवकर गोठत नाही. दुसरा चोर म्हणजे साखर. दिवसभर न जेवता प्यायलेल्या माणसाच्या रक्तातली साखर इतकी उतरते की तो घामाघूम होऊन बेशुद्ध पडतो. बोटाला टोचून एका थेंबात हे कळतं. तिसरा धोका उताणं झोपवण्याचा. उलटी घशात येते, श्वासनलिकेत उतरते, आणि घरचे सकाळी चहा घेऊन जातात तेव्हा उशीर झालेला असतो. कुशीवर वळवणं, तोंड खाली झुकेल असं ठेवणं, एकटं न सोडणं, हाक मारून जागा होतो का पाहत राहणं, आणि जागा होत नसेल तर १०८. एवढं गावातल्या प्रत्येक घराला माहीत हवं.

रस्त्यावर पडलेल्या दारुड्याला उचलायला लोक कचरतात, पोलिसांच्या लफड्याच्या भीतीने. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती मोटार वाहन कायद्यातच आली. दवाखान्यात पोहोचवून देणाऱ्याला नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

आता सर्वांत कमी बोललं जाणारं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. दारूमुळे येणारी आणीबाणी प्यायल्यावरच येते असं नाही. ती न प्यायल्यानेही येते.

एखादा गवंडी परांचीवरून घसरला आणि मांडीचं हाड मोडलं, असं धरू. संध्याकाळी दाखल झाला. वीस वर्षं रोज पिणारा, पण हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. पहिली रात्र वेदनेत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात थरथरतो, घाम फुटतो, नाडी धावते. नर्सला वाटतं ताप असेल. दुपारी एक फिट येते. तिसऱ्या दिवशी रात्री तो पलंगावरून उठायला बघतो, प्लॅस्टर तोडायला बघतो, चादरीवरचे न दिसणारे किडे चिमटीत धरून खाली टाकतो, मेलेल्या भावाशी बोलतो, सलाइनची सुई उपटतो. शेजारच्या पलंगावरचे म्हणतात, याला काहीतरी लागलं. बायकोला वाटतं, बाहेरची बाधा. कधी त्याला बांधून ठेवतात, कधी सुट्टी करून घरी नेतात, कधी मांत्रिकाकडे.

या अवस्थेचं नाव डेलिरियम ट्रेमेन्स. थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरने १८१३ मध्ये ते वापरलं. दारू मेंदूला दाबून ठेवते आणि मेंदू त्या दाबाला सरावून उलट जोर लावत राहतो. दारू अचानक काढून घेतली की तो जोर मोकाट सुटतो. थरथर सहा ते चोवीस तासांत, फिट पहिल्या दोन दिवसांत, भ्रम दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. उपचार नसतील तर तीनातला एक दगावे अशा जुन्या नोंदी आहेत. आज वेळेत ओळखलं तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत येतं. औषधंही महागडी नाहीत: डायझेपाम, लोराझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड. आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. पिणाऱ्याच्या अंगात ते आधीच संपत आलेलं असतं. अशा माणसाला थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवत राहिलं, तर उरलंसुरलं थायमिन खर्ची पडतं आणि मेंदूचा एक भाग कायमचा निकामी होऊ शकतो. डोळे फिरतात, चाल ढळते, पुढे स्मृती जाते, आणि माणूस बायकोचं नाव विसरून रोज नवी गोष्ट रचून सांगू लागतो. साखर खरोखर खाली असेल तर ग्लुकोज थांबवायचं नसतं, सोबत थायमिन द्यायचं असतं. काही रुपयांची एक अँप्यूल. ती द्यायची की नाही हे एकाच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं: "रोज घेता का? शेवटची कधी घेतली?"

हा प्रश्न दाखल होताना विचारला गेला असता तर त्या गवंड्याची तिसरी रात्र टळली असती.

दारू तुटल्याने माणूस काय करतो, हे विदर्भाने फार जवळून पाहिलं आहे. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या टाळेबंदीत दुकानं बंद होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळाली नाही म्हणून काही जणांनी हाताला लावायचं सॅनिटायझर प्यायलं आणि सात माणसं मेली. तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यांच्या अकलेवर बोलणारे पुष्कळ होते. त्या माणसांच्या अंगात कोणती आग लागली असेल, यावर बोलणारे थोडे. त्याआधी वर्षभर, २०२० च्या मार्चअखेरीस देशभर दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा बेंगळुरूच्या रुग्णालयांत फिट आणि भ्रमाचे रुग्ण एकदम वाढल्याचं तिथल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं आहे.

भंडाऱ्याचं भूगोलातलं स्थानच असं आहे की बंदी आणि परवाना यांच्या मधोमध तो बसला आहे. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी. गडचिरोलीत १९९३ पासून, लोकांच्या मोठ्या चळवळीनंतर. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. भंडाऱ्यात परवाना आहे. वैनगंगा इथून खाली वाहत जाते, लाखांदूरपर्यंत भंडारा आणि त्याच्या पुढे वडसा, म्हणजे गडचिरोली. नदीला नाव लागते, बाटलीला वाट सापडते. बंदीमुळे गडचिरोलीत काही साधलं नाही असं मी म्हणणार नाही. डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने आणि २०१६ पासूनच्या 'मुक्तिपथ'ने गावागावांत जे उभं केलं, ते नुसत्या कायद्याने झालेलं नाही. तिथे बायकांनी भट्ट्या फोडल्या, आणि सोबत पिणाऱ्यांसाठी उपचारही नेले. बंदीसोबत उपचार हवाच, हे त्यातून शिकायचं. उपचाराशिवायची बंदी तिसऱ्या रात्रीचे रुग्ण तयार करते.

महामार्गावरच्या दुकानांचंही असंच झालं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली. छोट्या वस्तीसाठी अंतर २२० मीटरवर आलं, मग शहरी हद्दींना सूट मिळाली, पुढे ग्रामपंचायतींबाबत राज्यांवर सोपवलं गेलं. हेतू चांगला होता. ट्रकचालकाला मात्र दोनशे मीटर चालणं कधीच जड नव्हतं.

आणि परवान्याच्या दुकानाखाली, त्याहून स्वस्त, मोहाची हातभट्टी. मोह हे झाडीपट्टीचं, म्हणजे या पूर्व विदर्भाचं झाड. त्याची फुलं वेचून, वाळवून, विकून कितीतरी घरांची उन्हाळ्याची भाकर निघते, आणि आदिवासींच्या देवाधर्मात त्या दारूला मान आहे. तो मान मला मान्य आहे. पण विक्रीसाठी जी गाळली जाते ती वेगळी. पोलिसांच्या रोजच्या कारवाईत 'मोहफुलाचा सडवा नष्ट' अशा ओळी असतात. हा सडवा लवकर आंबावा, तिखट व्हावा म्हणून काळा गूळ, नवसागर, तुरटी आणि कधी युरियाही त्यात जातो. जून २०२५ मध्ये राज्याने दारूवरचं शुल्क वाढवलं आणि देशीच्या १८० मिलिलिटरची किमान किंमत ८० रुपयांवर नेली. तिजोरीत १४ हजार कोटींची भर पडेल असं तेव्हा सांगितलं गेलं. किंमत वाढली की पिणं घटतं, हे जगभर सिद्ध झालं आहे आणि मी शुल्कवाढीच्या बाजूचाच आहे. पण जिथे हाकेच्या अंतरावर भट्टी आहे तिथे वाढलेल्या किमतीचं गिऱ्हाईक कुठे जाणार, याचा विचार भट्टीवरच्या छाप्यांपलीकडे कोणी केलेला दिसत नाही. त्या १४ हजार कोटींतला काही हिस्सा जिल्हा रुग्णालयाच्या पलंगापर्यंत यायला हवा.

मोहाच्या दारूत मिथेनॉल आपोआप फारसं येत नाही. ते येतं ते कारखान्यातून चोरलेलं औद्योगिक रसायन कोणी मिसळलं तर. मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये तसंच झालं आणि शंभरावर माणसं गेली, काहींची दृष्टी गेली. त्याआधी २००४ च्या डिसेंबरअखेर विक्रोळीत ८० हून अधिक. मिथेनॉल स्वतः फार विषारी नाही, यकृत त्याचं फॉर्मिक ॲसिड करतं आणि ते डोळ्याच्या नसेवर जाऊन बसतं. या कामाला बारा ते चोवीस तास लागतात. म्हणून रात्री प्यायलेला माणूस सकाळी ठीक असतो, आणि दुसऱ्या दिवशी पोटदुखी, उलट्या, 'डोळ्यापुढे धुकं' म्हणत येतो. एकाच वस्तीतून असे दोन रुग्ण आले, तर तिसऱ्याची वाट न पाहता सगळ्या वस्तीला बोलावून घ्यायचं असतं. उतारा म्हणून कधी चक्क साधं इथेनॉलच देतात, कारण यकृत आधी ते पचवायला घेतं आणि मिथेनॉल तसंच राहतं, तेवढ्यात डायलिसिसने ते काढता येतं. पण हे सुचायला आधी केसपेपरवर दारू लिहिलेली असावी लागते.

इतर नशा इथे दारूच्या मागे आहेत. ओडिशाकडून येणारा गांजा याच महामार्गाने नागपूरकडे जातो, वाटेत पकडलाही जातो. खोकल्याची कोडीनवाली औषधं, झोपेच्या गोळ्या, पंक्चरचं सोल्युशन हुंगणारी पोरं, हे सगळं शहरांत आहे आणि गावात उतरतं आहे. झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र झाल्या की श्वास मंदावतो, आणि असा रुग्ण फार शांत दिसतो. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याबद्दल स्वतंत्र लेखच लिहावा लागेल. तो कॅज्युअल्टीत आणत नाही, वीस वर्षांनी कर्करोगाच्या वॉर्डात आणतो.

एक रुग्ण मात्र असा आहे की ज्याने स्वतः एक थेंबही घेतलेला नाही. बाई. तिच्या केसपेपरवर लिहिलेलं असतं: पायरीवरून पडली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, ज्यांचे नवरे वारंवार पिऊन असतात अशा दहांतल्या सुमारे सात बायकांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. नवरा पीतच नाही त्या घरांत हे प्रमाण चारांत एकीहून थोडं कमी. दारू हे मारण्याचं कारण नाही, न पिणारेही मारतात. पण रात्री अकराला गाल सुजून आलेल्या बाईला विचारायचा पहिला प्रश्न काय, हे या आकड्यांतून ठरतं. मुंबईत 'सेहत' ही संस्था आणि महापालिका यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं. कॅज्युअल्टीतल्या नर्स आणि डॉक्टरांना शिकवलं की 'पडली' यावर थांबू नका, आडोशाला घ्या, विचारा, लिहा, आणि त्याच इमारतीतल्या समुपदेशकाकडे पोहोचवा. आज ते मुंबईतल्या इतर महापालिका रुग्णालयांतही आहे. विचारायला शिकवलं की सरकारी दवाखाना विचारतो, गर्दीतही विचारतो, याचा हा आपल्याच राज्यातला पुरावा आहे.

दारूबाबत असा पुरावा शेजारच्या गोव्यात आहे. 'संगत' या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणारे ३७७ पुरुष निवडले. अर्ध्यांना नेहमीचा उपचार, अर्ध्यांना त्यासोबत जास्तीत जास्त चार बैठकींचं समुपदेशन. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी विचारलं, तेव्हा गेल्या दोन आठवड्यांत अजिबात न प्यायलेले पहिल्या गटात १८ टक्के होते, दुसऱ्यात ४२. 'लॅन्सेट'ने २०१७ मध्ये हे छापलं. ज्यांचं शरीरच दारूवर अवलंबून झालंय त्यांना यात घेतलं नव्हतं, त्यांना दाखल करून दारू तोडावी लागते. तरी बोध स्पष्ट आहे. चार वेळा कोणीतरी बसून, दोष न देता बोललं, तर फरक पडतो.

आणि बसून बोलायची खरी वेळ कोणती? माणूस एरवी दवाखान्यात 'दारूसाठी' म्हणून येतच नाही. एम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात २.९ कोटी माणसं दारूवर अवलंबून आहेत आणि त्यांतल्या ३८ मागे एकालाच कोणतातरी उपचार मिळाल्याचं आढळलं. उरलेले ३७ कुठे असतात? ते याच महामार्गाच्या कडेला, याच स्ट्रेचरवर, याच केसपेपरवर दुसऱ्या नावाने असतात. टाके घातल्यावर, फिट थांबल्यावर, सकाळी शुद्धीवर आल्यावर, शेजारी रात्रभर जागलेली बायको किंवा आई बसलेली असताना, माणूस जितकं ऐकतो तितकं तो पुढे महिनोन्‌महिने ऐकत नाही. नेमका तेव्हा त्याच्या हातात सुट्टीचा कागद ठेवला जातो. त्यावर ड्रेसिंगची तारीख, अँटिबायोटिकचे दिवस, टाके काढायचा वार. दारूबद्दल फार तर तोंडी, "आता बंद कर रे बाबा."

मला एवढंच मागायचं आहे, आणि ते नव्या इमारतीशिवाय होण्यासारखं आहे. केसपेपरवर दारूचा एक रकाना, आणि तो भरल्याने विमा किंवा अपघाताची मदत नाकारली जाणार नाही असा स्पष्ट शासन निर्णय, म्हणजे डॉक्टर आणि बायको दोघंही खरं सांगू शकतील. दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढाला 'शेवटची कधी घेतली' हा प्रश्न, मग तो हाड मोडून आलेला असो की साप चावून. वॉर्डात थायमिन. आणि समुपदेशकाची पाळी संध्याकाळची, कारण कार्यालयीन वेळेत तो खुर्चीवर असतो तेव्हा त्याचा रुग्ण अजून दुकानाच्या रांगेत असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि नशेशी जोडलेले मनाचे विकार मानसिक आजारांतच धरले आहेत. उपचार मिळणं हा त्या गवंड्याचा हक्क आहे.

तोवर, रुग्णासोबत आलेल्या बाईने, आईने, भावाने एवढं करावं. केसपेपर निघतानाच डॉक्टरला रोज पितो का, किती, शेवटची कधी, हे खरं सांगावं. सुट्टी होताना मानसोपचार विभागाची तारीख मागून घ्यावी, ड्रेसिंगच्या तारखेशेजारी लिहून घ्यावी. घरी गेल्यावर अचानक बंद केली आणि हात थरथरू लागले, घाम सुटला, भलतंसलतं दिसू लागलं, तर भगताकडे न नेता त्याच दवाखान्यात परत न्यावं. व्यसनाबद्दल बोलायला १४४४६ आणि मनाच्या तब्येतीसाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत, फोन फुकट लागतो. १४४१६ वर मराठीत बोलता येतं, रात्रीही.